उलटा कालक्रम

मैत्री नेमकी कोणत्या दिवशीं तुटते? अमेरिकन संगीतकार स्टीफन साँडहाइम व लेखक जॉर्ज फर्थ यांच्या ‘मेरिली वुई रोल अलाँग’ या संगीत नाटकाचा हाच शोध आहे. कॉफमन व हार्ट यांच्या १९३४ च्या मूळ नाटकाप्रमाणें येथेंही कथा उलटी चालते. धनाढ्य चित्रपटनिर्माता झालेला, मित्रांस दुरावलेला संगीतकार फ्रँक आधीं दिसतो. १९५७ सालीं गच्चीवरून स्पुटनिक पाहणारे तीन ध्येयवादी मित्र शेवटीं.

१९८१ सालीं ब्रॉडवेवर तें अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडलें. कोवळ्या नटांना प्रौढ भूमिका पेलल्या नाहींत. प्रेक्षकही कालक्रमांत गोंधळले. दैवदुर्विलास असा कीं, त्यानंतर साँडहाइम व दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स यांचें सहकार्यही सुमारें दोन दशकें थांबलें. पुढें नाटकाची डागडुजी होत राहिली. २०२३ च्या ब्रॉडवेवरील पुनरुज्जीवनास २०२४ चें टोनी पारितोषिक मिळालें. साँडहाइम २०२१ मध्येंच निवर्तले होते.

दरसाल नवे विद्यार्थी पाहणाऱ्या आम्हांस त्या गच्चीवरील प्रवेशाचें मर्म विशेष जाणवतें. मागें मागें जाऊनही तो एक दिवस सांपडत नाहीं. फ्रँकनें ध्येय एकदम विकलें नाहीं. ‘एवढ्यापुरतें’ म्हणत थोडें थोडें सोडलें.