सोलापूर जिल्ह्यातील आरोग्य वित्तपुरवठा

सोलापूर जिल्ह्यातील रहिवाशांच्या उपचारांचा खर्च अनेक सार्वजनिक योजना व निधींमधून भागवला जातो. गरजेचे उपचार प्रत्येकाला आर्थिक ओढाताणीशिवाय मिळावेत, अशी सार्वत्रिक आरोग्य संरक्षणाची संकल्पना आहे. सोलापुरात मात्र हे संरक्षण दीर्घकाळ रोजगाराच्या स्वरूपावर अवलंबून राहिले.

कामगारांसाठीचे निधी

गिरण्यांसारख्या संघटित उद्योगांतील कामगारांना १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. त्यासाठी मालक व कामगार वर्गणी भरतात (जुलै २०१९ पासून वेतनाच्या अनुक्रमे ३.२५ व ०.७५ टक्के). बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि आजारपणात बुडालेल्या वेतनाची अंशतः भरपाई हे तिन्ही लाभ त्यात मिळतात. दहापेक्षा कमी कामगार असलेले छोटे यंत्रमाग कारखाने सामान्यतः या योजनेबाहेर राहतात.

शहरातील विडी कामगार बहुतांशी स्त्रिया असून त्या घरीच विड्या वळतात. त्यांच्यासाठी १९७६ च्या केंद्रीय कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. दवाखाने, घरकुले व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा खर्च त्यातून होई. वस्तू व सेवा कर लागू होताना, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला. हक्काचे उत्पन्न गेल्याने या सेवा केंद्राच्या वार्षिक अर्थसंकल्पी तरतुदीवर विसंबल्या.

जन आरोग्य योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यांपैकी एक होता. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत व विम्याचा हप्ता राज्य शासन भरत असे. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेऊन सर्व शिधापत्रिकाधारकांना पात्र ठरवले.

मर्यादा

ही योजना मुख्यतः ठरावीक शस्त्रक्रिया व रुग्णालयीन उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या किंवा तंबाखूच्या धुळीने जडलेला खोकला तिच्यात सहसा बसत नाही, आणि विडी कामगारांच्या घरात खर्च वारंवार होतो तो नेमका अशा आजारांवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. सोलापूर शहरातील श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते.