रोबोटिक शस्त्रक्रियेचे वाद : निलंग्याच्या वाचकासाठी प्रस्तावना

निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात रोबोटिक शस्त्रक्रियेचे यंत्र नाही, आणि ते तिथे यावे अशी माझी मागणीही नाही. तरी या विषयाची ओळख करून देताना माझ्या डोळ्यांसमोर निलंग्याचाच वाचक आहे. या तालुक्यात आजार बळावला की रुग्ण आधी लातूर गाठतो, आणि तिथे भागले नाही तर सोलापूर, हैदराबाद, पुणे, किंवा रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने थेट परळचे टाटा रुग्णालय. या वाटेवर कुठल्या तरी मोठ्या खासगी रुग्णालयात रिपोर्ट हाती पडल्यावर विचारले जाते : ऑपरेशन पोट उघडून करायचे, दुर्बिणीने करायचे, की रोबोटने? तिन्हींचे पॅकेज वेगळे असते आणि उत्तर बहुधा संध्याकाळपर्यंत द्यायचे असते. मुलगा गावाकडे फोन लावतो. पलीकडून मामा सांगतात, मोठ्या मशीनवर होत असेल तर पैशाकडे बघू नका.

त्या संध्याकाळी त्या कुटुंबाला जे कळायला हवे असते ते जगात बरेचसे लिहिले गेले आहे. ते वैद्यकीय नियतकालिकांत, न्यायालयांच्या निकालांत, विमा नियामकाच्या परिपत्रकांत विखुरलेले आहे. हे सारे एकत्र वाचणे, एवढेच या अभ्यासाचे स्वरूप. त्यासाठी डॉक्टर किंवा वकील असावे लागत नाही. निलंग्याच्या महाविद्यालयातला कला शाखेचा विद्यार्थी, आशा कार्यकर्ती, निवृत्त शिक्षक यांनीही इथे यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. ते स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. रुग्णापासून काही फुटांवर एका कन्सोलपाशी सर्जन बसतात, पोटातले त्रिमितीय चित्र पाहतात आणि हातांनी व पायांनी यंत्राच्या भुजा हलवतात. भुजांच्या टोकाची बारीक उपकरणे मनगटासारखी वळतात आणि हाताचा कंप गाळला जातो. १९८५ साली अमेरिकेत ‘प्यूमा ५६०’ या कारखान्यातल्या रोबोटच्या मदतीने मेंदूतला नमुना सुईने काढला गेला. १९९२ मध्ये खुब्याच्या सांध्यासाठी ‘रोबोडॉक’ आला. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘दा विंची’ या यंत्राला परवानगी दिली, आणि पुढची दोन दशके हा बाजार जवळपास ते बनवणाऱ्या एकाच कंपनीचा राहिला. भारतात २०२२ पासून गुरुग्राममध्ये बनलेले ‘एसएसआय मंत्रा’ हे यंत्रही वापरात आले. मूत्रविकारांच्या, विशेषतः प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, ओटीपोटातल्या अडचणीच्या जागी अशा यंत्रांनी सर्जनचे काम सुकर केले, यात शंका नाही. सुकर काम म्हणजे रुग्णाला अधिक आयुष्य का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

सुरक्षिततेबद्दल एक आकडा सर्वत्र फेकला जातो, तो नीट वाचायला शिकावे. अमेरिकेत २००० ते २०१३ या काळात नोंदल्या गेलेल्या तक्रारींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०,६२४ घटना होत्या : १४४ मृत्यू, १,३९१ इजा आणि ८,०६१ वेळा यंत्रातला बिघाड. उपकरणाचा तुटलेला किंवा जळालेला तुकडा रुग्णाच्या शरीरात पडणे, विजेची ठिणगी उडणे, यंत्र मध्येच बंद पडणे, अशा या नोंदी. यंत्राचे समर्थक म्हणतील, २००७ ते २०१३ या सात वर्षांतच तिथे सतरा लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्या मानाने हे थोडेच. टीकाकार म्हणतील, जे कळवले तेवढेच मोजले गेले. दोघांचेही खरे आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते : हृदय व छाती आणि डोके व मान यांच्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण बरेच जास्त होते. म्हणजे ‘रोबोट सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या आजारासाठी आणि कोणाच्या हाती, हे त्यात घातल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही.

हातांचा मुद्दा ब्रिटनमधल्या एका प्रकरणाने जगापुढे आणला. न्यूकॅसलच्या फ्रीमन रुग्णालयात २०१५ साली हृदयाच्या झडपेची तिथली पहिली रोबोटिक शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण काही दिवसांत दगावला. २०१८ च्या चौकशीत दिसले की सर्जनचा यंत्रावरचा सराव अपुरा होता आणि मदतीला बोलावलेले अनुभवी तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्याआधीच निघून गेले होते. मृत्यूला काही अंशी रोबोटचा वापर कारणीभूत असल्याचे चौकशी अधिकाऱ्यांनी नमूद केले. आपल्याकडे एखाद्या सर्जनने या यंत्रावर आजवर किती शस्त्रक्रिया केल्या हे विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. ते तसे समजले जाऊ नये.

आता ज्या प्रकरणाशी मराठवाड्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे तिकडे येतो. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात गर्भाशय व आजूबाजूचा भाग काढताना लहान छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली, असे अनेक वर्षे मानले गेले. जखम लहान, रक्तस्राव कमी, सुट्टी लवकर, मग शंका कशाला घ्यायची? तरी काही डॉक्टरांनी शंका घेतली आणि चिठ्ठ्या टाकून ६३१ स्त्रियांचे दोन गट केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होते आणि दुर्बिणीच्या व रोबोटच्या गटात ८६ टक्के. मृत्यूही दुसऱ्या गटात अधिक. त्या गटातल्या बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या, रोबोटच्या थोड्या, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. पण धडा दोघांनाही लागू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सूचना काढली की स्तन काढण्यासाठी आणि कर्करोग टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी रोबोटिक यंत्रांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. यंत्र बाजारात येऊन तोवर अठरा वर्षे उलटली होती.

याच रोगावरचा दुसरा मोठा पुरावा आपल्या शेजारून गेला आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधी निलंगा त्याच जिल्ह्यातला तालुका. त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, टाटा रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह, १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळले. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते आक्षेप गंभीर आहेत. या क्षेत्रात येणाऱ्याने तेही वाचलेच पाहिजेत. पण ज्या स्त्रियांमुळे हे ज्ञान जगाला मिळाले त्यांच्याच लेकीसुनांना तपासणी वेळेवर मिळू नये आणि उशिरा कोट्यवधींच्या यंत्राची निवड मात्र पुढे यावी, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी विसंगती वाटते.

दुसरी विसंगती बीडची. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या ‘पिशव्या’ काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये गाजले. राज्याने केलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे रोबोट नव्हता. साधी खासगी रुग्णालये होती, भीती दाखवणारे शब्द होते आणि खाडा परवडत नाही अशी मजुरी होती. मग इथे हा उल्लेख कशासाठी? कारण अमेरिकेत रोबोट सर्वाधिक वापरला गेला त्या शस्त्रक्रियांत गर्भाशय काढणे हीच एक प्रमुख. कर्करोग नसलेल्या २,६४,७५८ स्त्रियांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दिसले की दुर्बिणीच्या तुलनेत गुंतागुंत सारखीच आणि खर्च मात्र दर शस्त्रक्रियेमागे २,१८९ डॉलरने जास्त. बीडमधली आणि अमेरिकेतली स्त्री यांच्यात कितीही अंतर असले तरी दोघींच्या वतीने विचारायचा पहिला प्रश्न एकच : हे ऑपरेशन मुळात हवे आहे का?

खर्चाचे गणित समजून घेतले की बरेच धुके विरते. आयात केलेले यंत्र दहा कोटींच्या पुढे जाते. त्यावर वार्षिक देखभालीचा करार. त्याहून चिवट खर्च उपकरणांचा : प्रत्येक उपकरणात वापर मोजणारी चिप असते आणि ठरलेली मर्यादा संपली की यंत्र ते स्वीकारत नाही. अनेक उपकरणांची ही मर्यादा दीर्घकाळ दहा वापरांची होती. हा निर्बंध सुरक्षेसाठी की विक्रीसाठी, यावरून दुरुस्ती करणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकेत मक्तेदारीविरोधी खटले लढवले. रुग्णालयाने एवढी गुंतवणूक केली की यंत्र रिकामे ठेवणे परवडत नाही, आणि शिफारशीवर त्याचे ओझे येते. कोणा डॉक्टरच्या सचोटीवर संशय न घेताही हे म्हणता येते.

विम्याकडे वळू. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून सरसकट वगळता येणार नाही असे ठरवले, पण रकमेवर मर्यादा घालायची मुभा ठेवली. २०२० च्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. तीन लाखांची पॉलिसी असेल तर रोबोटसाठी मिळतील फार तर दीड लाख. उरलेली रक्कम सोयाबीनच्या पट्टीतून किंवा सावकाराकडून. सरकारी विम्याचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. आता तिचे संरक्षण पाच लाखांपर्यंत गेले आहे. त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात अर्भके होती. सार्वजनिक पैसा आधी कुठे जावा हा वाद मराठवाड्यात पुस्तकी राहत नाही. माझे मत स्पष्ट आहे : मनुष्यबळ, औषधे आणि नवजात अतिदक्षता कक्ष आधी, यंत्र नंतर, आणि तेही पुराव्यानिशी.

कायद्याच्या भागात मराठी वाचकाला ओळखीची जागा सापडेल. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचारादरम्यान तो दगावला आणि वडील न्यायालयात गेले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत काळजी. रोबोटचा आज कोणताही दावा वाचा, या तीन प्रश्नांबाहेर तो फारसा जात नाही. २००८ च्या समिरा कोहली निकालाने संमतीला अर्थ दिला : उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगितल्याशिवाय घेतलेली सही पुरेशी नाही, आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रोबोडॉकच्या खटल्यात आणखी पुढचे सांगितले : पद्धत नवी असेल तर अजून न कळलेले धोके असू शकतात, हेही रुग्णाला सांगावे लागते. तो दावा मात्र रुग्णाच्या बाजूने लागला नाही, कारण झालेली इजा आधी सांगितलेल्या धोक्यांतलीच होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले की केवळ डॉक्टरला बजावून उत्पादकाची सुटका होत नाही. यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयालाही धोके सांगितले पाहिजेत.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूसाठी उत्पादकाला थेट जबाबदार धरण्याची तरतूद केली. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादहून चालतो. तो लोकांना ठाऊकच नाही, म्हणून इथल्या तक्रारींचा आकडा बोलत नाही. या क्षेत्रात तरुण अभ्यासकांची खरी गरज इथे आहे : नोंदी मागणे, संमतीपत्रे मराठीत आहेत का ते पाहणे, एस्टिमेट आणि अंतिम बिल शेजारी ठेवून वाचणे.

शेवटी उपयोगाच्या गोष्टी. सही करण्याआधी चार प्रश्न विचारा : हे ऑपरेशन हवेच का, माझ्या आजारात रोबोटने आयुष्य वाढते याचा पुरावा काय, या डॉक्टरांनी या यंत्रावर अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि मध्येच यंत्र थांबले तर पुढे काय. उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. शस्त्रक्रिया मुंबईत झालेली असो की हैदराबादेत, पैसे मोजून उपचार घेतलेला निलंग्याचा रहिवासी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.