कोथिंबिरीची जाळी

कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की "गेली ती" म्हणून उपटून टाकायची, ही आपली घरोघरची रीत. पानं बारीक होतात, चटणीला चालत नाहीत, हे खरंच. पण तेव्हाच तिच्यावर काय येतं ते बघा! एका दांड्यातून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात, प्रत्येकावर पुन्हा छोटी छत्री आणि तिच्यावर पांढरी, किंचित जांभळट फुलं. कडेच्या पाकळ्या मोठ्या, त्यामुळे सगळा झुबका लेसच्या झालरीसारखा दिसतो. आपल्या पुस्तकांत याला चामरकल्प, म्हणजे चवरीसारखा फुलोरा म्हणतात.

जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर ही सगळी याच कुळातली. रानगाजराच्या फुलाला इंग्रज 'राणी ॲनची लेस' म्हणतात. लेस विणताना राणीच्या बोटाला सुई टोचली, तो रक्ताचा थेंब म्हणजे फुलोऱ्यातला मधला गडद ठिपका, अशी दंतकथा. तिकडे अशी जाळीदार फुलं फुलदाणीसाठी मुद्दाम बी पेरून वाढवतात.

आपल्याकडे हे फूल स्वयंपाकघराच्या दारानं आलं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुस्तुंबुरु' आहे, तीच आपली कोथिंबीर. इजिप्तमध्ये तुतनखामेनचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यातही धणे होते. तीन हजार वर्षांहून जुने! इतकी शतकं हे बी चालत आलं, कारण दर हंगामात कुणीतरी चार रोपं न खुडता राखली.

राखायला माणूस लागतो आणि त्याला परस लागतं. आमच्या उल्हासनगरात कुंडीला घालतो ते पाणी बारवी धरणाचं. निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, आजूबाजूला कारखाने उभे राहिले, तेव्हा १९७२ साली एमआयडीसीचं हे धरण झालं. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्यानं वाढवली आणि २०१९च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत भरलं. त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावपाड्यांना उठावं लागलं. घराचा, जमिनीचा मोबदला कागदावर मांडता येतो. परसात बियांसाठी राखलेल्या चार रोपांचा रकाना कुठल्या कागदात असणार? आमच्या नळाला पाणी आलं, ते अशा परसांवरून आलं. म्हणून ते बेतानं वापरावं आणि निदान एक कुंडी बियांसाठी सोडावी, असं मला वाटतं.

करायला सोपं आहे. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि अर्धं पेर खोल पेरा. महिना-दीड महिना पानं खा, पण चार रोपांना हात लावू नका. थंडी सरता सरता जाळी फुलेल, मधमाश्या येतील, मग हिरवे धणे धरतील. ते तपकिरी झाले की झुबके कापून सावलीत वाळवा.

माझ्याकडचे धणे कुणाला हवे असतील तर सांगा, पाकिटात घालून पाठवीन.