मुंबईच्या गोदींतील उमेदवारी

उमेदवार हा शब्द आपल्या जुन्या दप्तरांस अपरिचित नाहीं. आशा या अर्थाच्या 'उमेद' ह्या फारसी शब्दापासून तो आलेला आहे. कायमच्या जागेच्या आशेवर कचेरींत अगर कारखान्यांत राबून काम शिकणारा तो उमेदवार, असा त्याचा रूढ अर्थ होता. निवडणुकीशीं त्याची जोडी मागाहून जमली. मुंबईंत इंजिनियरीचा धंदा प्रथम ह्या उमेदवारींतून उदयास आला, शाळेंतून नव्हे, हें दाखवावें व त्या उमेदवारीचे कागद संग्राहकांनीं कां जपावे तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले व कंपनीच्या गोदीचें काम त्यांच्याकडे आलें. १७५० मध्यें येथें सुकी गोदी तयार झाली. पुढें शंभरांहून अधिक वर्षें मुख्य जहाजबांधणाराची जागा ह्याच घराण्यांत राहिली. मलबारी सागवानाचीं जीं जहाजें येथें बांधलीं गेलीं त्यांपैकीं 'कॉर्नवॉलिस' (१८१३) ह्या जहाजावर १८४२ मध्यें नानकिंगचा तह झाला. 'ट्रिंकोमाली' (१८१७) इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप जतन केलेलें आहे. इतकी विद्या ज्या माणसांच्या हातीं होती त्यांनीं ती कोणत्याहि पाठशाळेंत घेतली नव्हती. मुलगा बापाच्या अगर चुलत्याच्या हाताखालीं गोदींत जाई, लांकूड पारखावयास व हत्यार धरावयास शिके आणि वर्षानुवर्षें काम करून वर चढे. अशा शिक्षणाचें कसब जहाजांत उतरे; कागदावर फारसें उतरत नसे.

ह्याच घराण्यांत १८०८ मध्यें अर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म झाला. १८२२ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते गोदींत दाखल झाले. परंतु त्यांचें मन शिडांपेक्षां वाफेच्या यंत्रांत अधिक रमलें. १८३३ मध्यें त्यांनीं 'इंडस' नांवाचें साठ टनांचें लहान जहाज बांधून त्यास वाफेचें यंत्र बसविलें. १८३४ मध्यें माझगांव येथील आपला बंगला व बाग त्यांनीं गॅसच्या दिव्यांनीं उजळली. त्या वेळीं ते अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते.

येथेंच घरगुती उमेदवारीची मर्यादाहि दिसून येते. वडिलांपाशीं जें आहे तेंच ती देऊं शकते. आणि वाफेचें शास्त्र ह्या घराण्यांत पूर्वापार नव्हतें. तें मिळवावयास समुद्र ओलांडणें प्राप्त होतें. १८३८ मध्यें त्याच घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे इंग्लंडास गेले व चॅटमच्या सरकारी गोदींत शिकले. १८३९ मध्यें अर्देशीरहि निघाले. गोदींत सतरा वर्षें काढलेला मनुष्य पुन्हा शिकाऊ होण्यास तयार झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अर्देशीरांची रोजनिशी १८४० मध्यें, व त्या दोघां बंधूंचें प्रवासवृत्त १८४१ मध्यें लंडनांत छापून निघालें.

२७ मे १८४१ रोजीं अर्देशीर रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दुसरे श्रीनिवास रामानुजन् १९१८ मध्यें, म्हणजे ७७ वर्षांनीं निवडले गेले. मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक होऊन युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखालीं आले. पुण्याची इंजिनियरिंगची शाळा निघावयास ह्यानंतर तेरा वर्षें, म्हणजे १८५४ साल उजाडावें लागलें.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेतील कीं, वाडियांची उमेदवारी ही घराण्याची मिरास होती. परक्याच्या पोरास तिचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. १८५० च्या १९ व्या कायद्याचें महत्त्व ह्याच ठिकाणीं आहे. दहा वर्षांहून अधिक व अठरांहून कमी वयाच्या मुलास, अनाथ मुलासहि, लेखी करारानें धंदा शिकावयास बांधून देण्याची सोय त्यानें केली व मुदत सात वर्षांहून अधिक नसावी असें ठरविलें. नात्याच्या जागीं करारनामा आला. १८५३ मध्यें आगगाडी सुरू झाली, १८७९ मध्यें जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना उभा राहिला आणि १८८७ मध्यें भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती १९२३ मध्यें माटुंग्यास गेली. तथापि शाळा निघाली म्हणून उमेदवारी संपली नाहीं. १८५० च्या कायद्याची जागा १९६१ च्या कायद्यानें घेतली, आणि १९७३ च्या दुरुस्तीनें पदवी व पदविका घेतलेल्या इंजिनियरांसहि त्या कक्षेंत आणलें. शाळेंतून बाहेर पडलेल्यासहि कारखान्याचा उंबरठा चुकला नाहीं, असाच ह्याचा अर्थ.

अर्देशीरांची हकीकत आपणांस सांगतां येते, ती त्यांनीं लिहिलें व तें छापलें गेलें म्हणून. परळ-लालबागच्या कारखान्यांत चरकावर उभे राहून ज्यांनीं उमेदवारी केली त्यांचें लेखन म्हणजे मुदतीचा करारनामा, काम पुरें केल्याचा दाखला, हातानें काढलेले नकाशे व मापांची वही इतकेंच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या वस्तींतील चाळी आतां पाडल्या जात आहेत, आणि माळ्यावरची ट्रंक उतरली कीं हे कागद रद्दींत जातात. गांवाच्या वतनाची सनद आपण रेशमी फडक्यांत बांधून ठेवतों. हा दाखला म्हणजेहि एक सनदच. फरक इतकाच कीं, ती जन्मानें मिळालेली नसून सात वर्षांच्या कष्टानें मिळालेली आहे. असा कागद हातीं आल्यास तो कोणत्या खात्यांतला, कोणत्या सालचा, अस्सल कीं नक्कल, व कोणाच्या घरीं मिळाला, एवढें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. मोडी रुमालांच्या शेजारीं त्यास जागा दिल्यानें रुमालांस कमीपणा येत नाहीं.