'सनडाउनर'ची कॅबिन

'टायटॅनिक' नांवाचें अजस्र जहाज सन १९१२ च्या एप्रिल महिन्यांत उत्तर अटलांटिक महासागरांत बुडालें. त्यावरील जे अधिकारी वांचले, त्यांत चार्ल्स लाइटॉलर हा दर्जानें सर्वांत वरचा. योगायोग असा कीं, त्याच सालीं ब्रिटिश नौदलासाठीं वाफेवर चालणारी एक लहानशी नौका बांधून तयार झाली. या दोघांची गांठ पडली ती सन १९२९ मध्यें, आणि तीहि चिखलांत! इंग्लंडांतील केंट प्रांतांत कॉन्यर नांवाची एक खाडी आहे. नौदलानें टाकून दिलेली ही नौका तेथें रुतून पडली होती. लाइटॉलरनें ती विकत घेतली.

अशा जुन्या नौकेंत राहण्याजोगी जागा करणें हें वाटतें तितकें सोपें नसतें. वाफेच्या नौकेचा मधला, ऐसपैस भाग बॉयलर, एंजिन आणि कोळसा यांनींच अडविलेला असतो. बॉयलर काढला म्हणजे जागा मोकळी होते खरी. पण त्याबरोबर तळाचें मोठें ओझेंहि नाहींसें होऊन नौका पाण्यावर उचलली जाते व डोलूं लागते. तें वजन खालीं कोठें तरी भरून काढावें लागतें. कॅबिनचें छप्पर उंच केलें तर माणसास ताठ उभें राहतां येतें, पण वाराहि तितकाच अडतो. लाइटॉलरनें नौकेंत तेलाचें एंजिन बसविलें. बैठकीची व निजण्याची जागा, स्वयंपाकाचा कोपरा, इतकेंच काय, न्हाणीचा टबहि त्या ५८ फुटांत मावला. सन १९३० च्या जूनमध्यें ती पाण्यांत उतरली. 'सनडाउनर' हें नांव त्याच्या ऑस्ट्रेलियन पत्नीनें, सिल्व्हियानें ठेविलें. कामाची वेळ टाळून नेमका सूर्यास्ताला दारांत येणारा व जेवण-आसरा मागणारा जो भटक्या, त्यास त्या देशांत हें नांव आहे. सहलीच्या नौकेस तें शोभलेंहि!

सन १९४० च्या मे महिन्याअखेर डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्य कोंडलें गेलें व नौदलानें ही नौका मागितली. नौका न्यावयाची तर आपणच नेऊं, असा साठी उलटलेल्या लाइटॉलरचा आग्रह पडला. युद्ध सुरू होतांच त्याचा वैमानिक मुलगा ब्रायन मारला गेला होता, हें येथें विसरतां येत नाहीं. हौसेनें मांडलेलें सारें सामान भराभर उतरविण्यांत आलें, डोलकाठ्यासुद्धां काढल्या. थोरला मुलगा रॉजर व अठरा वर्षांचा एक सागरी बालवीर यांना घेऊन तो १ जून रोजीं निघाला.

या नौकेंत पूर्वीं कधीं २१ हून अधिक माणसें बसलीं नव्हतीं. डंकर्कला रॉजर खालीं उभा राहून शिपाई रचूं लागला. पन्नास झाले तरी जागा उरलीच होती; पंचाहत्तराव्यास मात्र त्यानें हात टेकले. एक शिपाई तर टबांतच बसला होता! मग उरलेल्यांना डेकवर आडवें निजविलें, कारण उभ्या माणसांच्या वजनानें नौका कलंडूं लागली असती. वरून विमानांचा मारा चालूच होता. विमान नेमकें केव्हां चुकवावें, हें ब्रायननें पूर्वीं बापाला समजावून सांगितलें होतें. तें ज्ञान आतां उपयोगी पडलें. रात्रीं रॅम्सगेट बंदरांत उतरलेल्यांचा आंकडा लाइटॉलरनें १३० सांगितला.

रॉजरहि सन १९४५ मध्यें युद्धांत पडला. पुढच्या वर्षीं नौकेची दुरुस्ती होऊन तिची कॅबिन पुन्हां सजली. लाइटॉलर सन १९५२ मध्यें वारला. कांहीं काळानें 'सनडाउनर' रॅम्सगेटच्याच सागरी संग्रहालयाकडे गेली.