काळी माती, कमान आणि शॉकअप

खानदेशात वाहनाच्या बांधणीचा प्रश्न मातीपासून सुरू होतो. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरची वाट, मग ती कच्ची असो वा डांबरी, काही वर्षांतच वरखाली होऊ लागते. उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर या भागांत, वाट मुरूम, गोटे आणि कोरड्या नाल्यांतून जाते. या दोन्ही भूमींवरून जाणाऱ्या वाहनाने माणसाला व मालाला किती धक्का लागू द्यावा, हा प्रश्न मोटारसायकलीच्या कितीतरी आधीचा आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून आणि बैलगाडीतून होत असे. गाडीची साटी थेट आसावर बसवलेली असल्याने चाकाला बसलेला धक्का जसाच्या तसा वर पोचत असे, आणि त्यावर साटीत कडबा पसरून वर घोंगडी अंथरण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. लळिंग, धुळे, सोनगीर, शिरपूर असा जाणारा मुंबई-आग्रा रस्ता जसजसा सुधारत गेला आणि शहरांत टांगे फिरू लागले, तसतशी पोलादी कमान परिचयाची झाली. कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्यांचा जुडगा. चाक उचलले गेले की ती दबते, आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे तिची उसळीही थोडी मरते. धक्का झेलणे आणि उसळी आवरणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि मोटारसायकलीच्या शॉकअपचा पुढील सारा इतिहास ही कामे वेगवेगळ्या भागांकडे सोपवण्याचा आहे.

१९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने तेलाने उसळी आवरणारा, एका नळीत दुसरी नळी सरकणारा पुढचा फोर्क विक्रीच्या गाड्यांवर आणला. मागच्या चाकालाही अशी मोकळीक असावी, हे मात्र सहज मान्य झाले नाही, कारण स्प्रिंगवर झुलणारे मागचे चाक खडबडीत वाटेवर पकड सोडील, असे अनेक अनुभवी स्वारांचे मत होते. १९४८ मध्ये इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणी स्पर्धेत मागचे चाकही स्प्रिंगवर असलेल्या रॉयल एन्फील्डच्या बुलेट गाड्यांनी सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ही शंका बरीचशी मागे पडली. हीच बुलेट १९५५ पासून मद्रास येथे जोडली जाऊ लागली. १९६२ मध्ये आलेली एस्कॉर्ट्सची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली १७५ सीसी गटातील गाडी होती, आणि दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, खताची गोणी असे ओझे वाहणाऱ्या ग्रामीण स्वाराला तिचा साधा, दणकट सांगाडा मानवला.

ओझे आणि स्वार यांच्या वजनाप्रमाणे गाडी जमवून घेणे हे गॅरेजातील खरे कौशल्य होय. मागच्या शॉकअपवरील खाचांची कडी पान्याने फिरवली की स्प्रिंगवरचा आरंभीचा दाब वाढतो. स्प्रिंगचा स्वतःचा ताठपणा त्याने बदलत नाही, केवळ ओझ्याखाली बसलेली गाडी पुन्हा योग्य उंचीवर येते. खडकाळ वाटेसाठी स्वार बसल्यावर गाडी चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे वरखाली सरकण्याच्या अंतराच्या, साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश बसावी, असा दंडक आहे. त्याहून कमी बसली तर खड्ड्यात चाक खाली उतरत नाही, जास्त बसली तर दगडावर तळ आपटतो. पुढच्या फोर्कचे काम अधिक नाजूक आहे. वरचे नट काढून काळपट झालेले तेल ओतून टाकायचे, दोन्ही पायांत नवे तेल मोजून अगदी सारखे भरायचे, आणि आतली हवा निघेपर्यंत फोर्क सावकाश वरखाली करायचा. पातळ तेलाने चाक लहान गोट्यांवरून चटकन वरखाली होते, पण उसळी आवरत नाही. दाट तेलाने उसळी आवरते, मात्र एकामागून एक खड्डे आले तर फोर्क पूर्ववत होण्याआधीच पुन्हा दबतो आणि हळूहळू खालीच राहतो. खडबडीत रस्त्यासाठी दाट तेल भरण्याचा सरसकट सल्ला म्हणूनच चुकीचा ठरतो.

१९७३ मध्ये यामाहाने एकाच लांब शॉकअपच्या गाडीवर मोटोक्रॉसचे २५० सीसी जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्या दशकात चाकाची चाल झपाट्याने वाढली. भारतीय ग्राहकाच्या आवाक्यात ती फार उशिरा आली: २०१६ च्या हिमालयन गाडीला पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर, तर २०१९ च्या एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर चाल मिळाली. असे असले तरी खानदेशातील शेतरस्त्यांवर आजही बहुतेक गाड्या साध्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या, दोन मागच्या शॉकअपांच्याच आहेत. त्यांना माल आणि माणूस यांच्या वजनाला जमवून देणाऱ्या जुन्या मेकॅनिकांचे ज्ञान तोंडी आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी ते कारागीर हयात असेतो लिहून घेतले पाहिजे.