पाच पर्यायांच्या प्रश्नावलीची कुळकथा

‘पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत’ या पाच पर्यायांतून एकावर खूण करायची आणि त्या खुणांचे आकडे करून मत मोजायचे, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली मांडली. संगणकावरच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, आज कोणीही तिचा निकाल काढू शकतो.

श्रेणी लावून अंदाज आकड्यात बांधण्याची रीत मराठी मुलखाला त्याआधीपासून ठाऊक होती. पूर्ण पीक सोळा आणे धरून उभ्या पिकाची नजर आणेवारी ठरवली जाई. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आल्यानंतर तिची पैसेवारी झाली आणि 50 पैशांची रेघ दुष्काळाच्या निर्णयात महत्त्वाची ठरली. मात्र पीक डोळ्यांना दिसते आणि कापणी करून अंदाज पडताळता येतो. माणसाच्या मनातले मत असे दिसत नाही.

ते मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी 1928-29 मध्ये केला. चर्चविषयक मते मोजण्यासाठी त्यांनी आणि अर्नेस्ट चेव्ह यांनी 130 विधाने जमवली, 300 परीक्षकांकडून ती 11 गटांत लावून घेतली आणि प्रत्येक विधानाचे वजन ठरवले. पद्धत काटेकोर होती, पण एक प्रश्नावली बनवायलाच फार खटाटोप करावा लागे.

लिकर्ट यांनी परीक्षकांचा टप्पा काढून टाकला. उत्तर देणाऱ्यानेच प्रत्येक विधानाला पाचपैकी एक श्रेणी द्यायची, श्रेणींना 1 ते 5 अंक द्यायचे आणि सर्व विधानांची बेरीज करायची. उलट अर्थाच्या विधानाचे अंकही उलटे करायचे, म्हणजे 6 मधून अंक वजा करायचा. श्रेणींच्या वजनांचा किचकट हिशेब आणि हे साधे अंक यांचे निकाल त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंतला सहसंबंध 0.99 च्या घरात निघाला. या एका निष्कर्षामुळे पद्धत सर्वांच्या आवाक्यात आली. लिकर्ट यांचा हिशेब मात्र अनेक विधानांच्या बेरजेसाठी होता. सुट्या प्रश्नाच्या सरासरीला तो आधार आपोआप लागू होत नाही.

सगळे आकडे सारखे नसतात, हा भेद 1946 मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांच्या लेखाने स्पष्ट केला. काही आकडे केवळ नाव सांगतात, काही क्रम सांगतात, काही समान अंतर दाखवतात आणि काहींना खरे शून्य असते. पाच पर्यायांच्या सुट्या प्रश्नाचे अंक क्रम सांगणारे असतात. पुढे 1951 मध्ये ली क्रॉनबाख यांनी प्रश्नावलीतली विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे तपासणारा ‘अल्फा’ प्रचारात आणला.

हिशेबाची साधनेही याच काळात बदलत गेली. 1968 मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी एसपीएसएस ही प्रणाली आली, पण ती मोठ्या संगणकावर चाले. 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क, 1983 मध्ये लोटस 1-2-3 आणि 1985 मध्ये एक्सेल या स्प्रेडशीट आल्या आणि हिशेब टेबलावरच्या छोट्या संगणकावर होऊ लागला. 1990 च्या दशकात उत्तरांची गटवार मोजणी करणारे पिव्होट टेबल रुळले. 2008 पासून गुगल फॉर्म्समुळे उत्तरे थेट तक्त्यात पडू लागली.

भारतातल्या महाविद्यालयांत पाच पर्यायांची ही पद्धत सर्वदूर पोहोचवली ती बंगळूरच्या राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेने, म्हणजे 1994 साली स्थापन झालेल्या नॅकने. 2017 च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आले. त्यात 0 ते 4 अशा श्रेणींचे प्रश्न आणि शेवटी सूचनांसाठी मोकळा प्रश्न आहे. कर्नाटकातल्या दुबलगुंडीहून हुमनाबादच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असो की सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या उदगीर-लातूरचा, घरात कन्नड बोलणारा असो, मराठी की उर्दू, मोजमापाची पट्टी सर्वांना एकच.

यातला पहिलाच प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. अभ्यासक्रम वर्गात किती शिकवला गेला? 85 ते 100 टक्क्यांना 4, 70 ते 84 ला 3, 55 ते 69 ला 2, 30 ते 54 ला 1 आणि 30 च्या खाली 0. अंकांमधले अंतर प्रत्येक वेळी एकाचे, पण वरचे टप्पे 15-16 टक्क्यांचे, त्याखालचा 25 चा आणि तळचा 30 चा. स्टीव्हन्स यांनी सांगितलेला भेद येथे कागदावरच छापलेला आहे.

म्हणून तक्त्यात काम करताना क्रम पाळावा लागतो. एका ओळीत एक विद्यार्थी, एका स्तंभात एक प्रश्न. आधी ‘काउंटइफ’ने प्रत्येक पर्यायाला किती उत्तरे आली ते मोजायचे, मग ‘मीडियन’ने मधले उत्तर काढायचे आणि ‘अ‍ॅव्हरेज’ सर्वांत शेवटी. 40 पैकी 40 जणांनी 2 दिले तरी सरासरी 2 येते, आणि 20 जणांनी 4 व 20 जणांनी 0 दिले तरी 2 च येते. पहिल्या वर्गाचे एकमत आहे, दुसरा वर्ग दुभंगलेला आहे, आणि हा फरक फक्त मोजणीत दिसतो.

0 ते 4 च्या पट्टीत आणखी एक धोका आहे. उत्तरच न दिलेल्यांचे रकाने रिकामे ठेवले तर ‘अ‍ॅव्हरेज’ ते सोडून देते, पण 0 भरला तर ते सर्वांत वाईट मत ठरते. 35 जणांची सरासरी 3 असताना न दिलेल्या पाच उत्तरांच्या जागी शून्ये पडली, तर ती 2.63 वर घसरते. टक्केवारी काढतानाही पट्टी पाहावी लागते. 1 ते 5 मधला मधला अंक 3 हा 5 च्या 60 टक्के, तर 0 ते 4 मधला 2 हा 4 च्या 50 टक्के, जरी दोन्ही उत्तरे मध्यावरचीच असली तरी. सरासरीतून पट्टीचा किमान अंक वजा करून कमाल-किमान फरकाने भागले की दोन्ही पट्ट्या एका मापावर येतात.

लिकर्ट यांनी मोजणी सोपी केली आणि स्प्रेडशीटने ती क्षणात होऊ दिली. उत्तराचा अर्थ लावण्याचे काम दोघांनीही माणसाकडेच ठेवले आहे. कोणत्याही महाविद्यालयाने अहवालात नुसती सरासरी छापू नये. तिच्या आधी पाचही पर्यायांची मोजणी आणि उत्तर न देणाऱ्यांची संख्या दिली, तरच विद्यार्थ्यांचे मत वाचकापर्यंत पोहोचते.